कार्डावर ‘निगेटिव्ह’ : सिकलसेलच्या एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पूर्व विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते. हे प्रकरण तिथलंच. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गाव, महिने आणि नात्यांतले काही तपशील बदलले आहेत. मुलीला इथे पिंकी म्हणू या.

पिंकी चार वर्षांची, वजन १३ किलो. तीन दिवस ताप आला, तो उतरला, आणि पोरगी पांढरीफटक पडली. वॉर्डात आणली तेव्हा हिमोग्लोबिन ३.९ होतं. सिकलसेल म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा, आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. त्याच्या पट्ट्यात असं मूल आलं की आधी तोच संशय येतो, म्हणून सोल्युबिलिटी लावली. ही चाचणी साधी आहे. रसायनाच्या नळीत रक्ताचा थेंब टाकायचा आणि नळीमागे काळ्या रेषांचा कागद धरायचा. रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होतं आणि रेषा दिसेनाशा होतात. हिमोग्लोबिन इतकं उतरलेलं असलं की चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून आमच्या तंत्रज्ञाने रक्त दुप्पट घेतलं. रेषा दिसेनाशा झाल्या.

त्याच रक्तावर रेटिक्युलोसाइट काउंट केला. या चाचणीबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं सगळं प्रकरण लाल पेशीत डीएनए आणि आरएनए कधी असतात आणि कधी नसतात यावर फिरतं. लाल पेशी हाडांच्या मज्जेत तयार होते तेव्हा तिच्यात केंद्रक असतं, केंद्रकात डीएनए असतो. हिमोग्लोबिनची कृती त्या डीएनएत लिहिलेली असते. तिची नक्कल आरएनएच्या रूपात बाहेर येते आणि त्या नकलेवरून प्रथिन तयार होतं. पेशी पुरेशी तयार झाली की केंद्रक टाकून देते. रक्तात उतरते तेव्हा डीएनए गेलेला असतो, पण थोडा आरएनए उरलेला असतो. न्यू मिथिलीन ब्लू रंगात तो निळ्या जाळीसारखा दिसतो. एक-दोन दिवसांत ही जाळीही जाते. म्हणून जाळीवाल्या पेशी मोजल्या की मज्जा काल-परवा किती काम करत होती ते कळतं.

सिकलसेलच्या मुलात पेशी भराभर फुटत असतात, मज्जा दिवसरात्र राबत असते. शंभरात दहा-बारा पेशी जाळीच्या दिसल्या तरी नवल नाही. पिंकीच्या काचेवर मी हजार पेशी मोजल्या, जाळीच्या दोन सापडल्या. मज्जेतला कारखाना बंद पडला होता.

असं बहुतेक वेळा पार्व्होव्हायरस बी१९ मुळे होतं. हा डीएनएचा विषाणू, तोही एकेरी धाग्याचा. जेमतेम साडेपाच हजार अक्षरांचा. माणसाच्या डीएनएत तीन अब्जांहून जास्त अक्षरं आहेत. डीएनएची प्रत काढायचं स्वतःचं यंत्र या विषाणूकडे नाही, म्हणून त्याला भराभर विभागणाऱ्या पेशी लागतात, आणि मज्जेतल्या कोवळ्या लाल पेशी त्याला नेमक्या सोयीच्या पडतात. धडधाकट माणसाची लाल पेशी १२० दिवस जगते. आठवडाभर नवी पेशी आली नाही तरी त्याला पत्ता लागत नाही. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी दहा-वीस दिवसांत फुटते. तिथे एक आठवडासुद्धा जिवावर बेततो. पिंकीचा विषाणू आम्ही तपासून सिद्ध केला नाही, ती सोय आमच्याकडे नव्हती. पण चित्र त्याचंच होतं. रक्त चढवलं. आठव्या दिवशी जाळीच्या पेशी १४ टक्क्यांवर गेल्या आणि मूल खेळायला लागलं.

रक्त चढवल्यावर दात्याचं हिमोग्लोबिन मिसळतं, त्यामुळे मुलीच्या स्वतःच्या रक्तात कोणत्या प्रकारचं हिमोग्लोबिन किती आहे, म्हणजे पॅटर्न, लगेच कळत नाही. तीन महिन्यांनी या, असं सांगून घरी पाठवलं. इथे पहिली चूक झाली आणि ती माझी आहे. रक्त चढवण्याआधी काढलेली ट्यूब माझ्या टेबलावर होती. ती जपून ठेवली असती तर पुढचे कितीतरी दिवस वाचले असते. काम झाल्यावर ती कचऱ्यात गेली.

समस्या

तीन महिने आणि दहा दिवसांनी आई-वडील मुलीला घेऊन आले. तोवर आईला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, आठवा आठवडा चालू होता. इलेक्ट्रोफोरेसिसची (हिमोग्लोबिनचे प्रकार पट्टीवर वेगळे करून दाखवणारी चाचणी) पट्टी पाहून रिपोर्ट गेला : ‘एसएस पॅटर्न’, म्हणजे आई-वडील दोघांकडून सिकल आलेलं, सिकलसेलग्रस्त. आमच्याकडच्या समुपदेशक ताईंनी रिपोर्ट समजावताना नेहमीचं वाक्य सांगितलं : आई आणि वडील दोघंही वाहक (एका बाजूनेच दोष आलेले, स्वतः आजारी नसलेले) असतील तरच मूल ग्रस्त होतं.

वडिलांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं कार्ड काढलं. पिंकीच्या वेळी आई गरोदर असताना ती एएस, म्हणजे वाहक निघाली होती. तेव्हा नियमाप्रमाणे नवऱ्याला बोलावून त्याची सोल्युबिलिटी केली होती. कार्डावर शिक्क्यासह ‘निगेटिव्ह’ होतं. तेव्हा दोघांना सांगितलं होतं, काळजीचं कारण नाही.

“मॅडम, इथं निगेटिव्ह लिहून आहे,” ते इतकंच म्हणाले, आणि ताईंकडे न बघता बायकोकडे बघत राहिले.

पुढे घरी काय झालं ते आम्हाला पाच दिवसांनी कळलं. सासू म्हणाली, आमचा पोरगा निगेटिव्ह आहे, मग हे आलं कुठून? धाकट्या दिराने मोबाइलवर वाचून सांगितलं की डीएनए टेस्ट केली की बाप कोण ते कळतं. पिंकीची आई माहेरी निघून आली. आपल्या आईला घेऊन ती माझ्या खोलीत आली तेव्हा बसायलाही तयार नव्हती. “मी काहीच केलं नाही जी,” ती म्हणाली. दुसऱ्यांदाही तेच म्हणाली. सोबत आलेली आई नुसती रडत होती.

एका बाईला आपलं पावित्र्य सिद्ध करायला प्रयोगशाळेच्या दारात उभं राहावं लागलं, आणि तिला तिथवर आणणारं वाक्य आमच्याच टेबलावरून गेलं होतं. त्या वाक्यात एसएस आजारापुरतं खोटं काही नव्हतं. पण पिंकीचा आजार एसएसच आहे हे आम्ही पुरतं तपासलंच नव्हतं.

मग काय शक्य होतं?

पिंकीच्या रक्ताचे जुने कागद मी पुन्हा काढले. तिच्या लाल पेशी लहान होत्या, एमसीव्ही (पेशीचा सरासरी आकार) ६६. निव्वळ सिकलसेलमध्ये पेशी एवढ्या लहान नसतात. लोह कमी असेल का? लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन ठीक होतं. मग दुसरी शक्यता उरते : एका बाजूने सिकल आणि दुसऱ्या बाजूने बीटा थॅलेसेमिया.

हे समजायला दोन्ही दोषांतला फरक पाहावा लागेल. हिमोग्लोबिनमधल्या बीटा साखळीचा जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतो. प्रत्येकाला त्याच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. सिकलमध्ये या जनुकातलं एकच अक्षर बदलतं. सहाव्या जागी ‘जीएजी’ ऐवजी ‘जीटीजी’ होतं, आरएनएच्या नकलेत ते ‘जीयूजी’ म्हणून उतरतं, आणि प्रथिनात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येऊन बसतं. ऑक्सिजन सुटला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब काड्या बनवतं आणि पेशी विळ्यासारखी वाकते. सोल्युबिलिटीच्या नळीत गढूळपणा येतो तो याच गुणामुळे.

बीटा थॅलेसेमियात हिमोग्लोबिन वेगळं नसतं, कमी असतं. भारतात सर्वाधिक आढळणारा दोष आयव्हीएस १-५ नावाने ओळखला जातो. जनुकाच्या मजकुरात मध्ये मध्ये असे तुकडे असतात जे नक्कल काढल्यावर कापून टाकायचे असतात. पहिल्या तुकड्याच्या सुरुवातीला, पाचव्या अक्षरात, ‘जी’च्या जागी ‘सी’ आलेला असतो. कुठे कापायचं याची खूणच पुसट होते. पेशी भलत्या जागी कापते. बहुतेक आरएनए वाया जातो आणि धडाची नक्कल फार थोडी तयार होते. म्हणजे दोष डीएनएत, नुकसान मात्र आरएनएच्या टप्प्यावर.

या दुसऱ्या दोषाच्या वाहकाचं रक्त सोल्युबिलिटीच्या नळीत टाकलं तर द्रावण निवळ राहतं, रेषा स्वच्छ दिसतात. कार्डावर ‘निगेटिव्ह’ येतं आणि ते बरोबरच असतं, कारण त्या नळीला एकच प्रश्न विचारलेला असतो : सिकल आहे का?

पिंकीच्या वडिलांची साधी सीबीसीसुद्धा (रक्तपेशींची मोजणी) तेव्हा कुणी केली नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

मी, बालरोगतज्ज्ञ आणि समुपदेशक ताई असे तिघं बसलो. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे एसएस समजून उपचार चालू करणं, कारण औषधं जवळपास तीच. बालरोगतज्ज्ञांचं म्हणणं सुरुवातीला तेच होतं आणि मुलीपुरतं ते चूक नव्हतं. पण मग आईवरचा आळ तसाच राहिला असता, आणि पोटातल्या बाळाची जोखीम काय हेही कळलं नसतं.

वडिलांची सोल्युबिलिटी पुन्हा करण्यात अर्थ नव्हता. तीच नळी तेच उत्तर देणार.

कुटुंबाची मागणी होती ती ‘बापाची डीएनए टेस्ट’. लोकांच्या मनात डीएनए टेस्ट म्हणजे एवढंच. मी ती मागणी नाकारली. पितृत्व ठरवणं हे आमचं काम नव्हतं आणि आजाराचं कारण शोधायला त्याची गरज नव्हती. जनुकाची चाचणी वेगळी : तीत फक्त एका जनुकातला ठरावीक दोष शोधतात.

शेवटी ठरलं ते असं. आधी दोन्ही पालकांची सीबीसी आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचा प्रत्येक प्रकार किती टक्के ते यंत्रावर मोजणारी चाचणी), जी आमच्याच जिल्ह्यात दोन दिवसांत होते. आणि वाट न बघता तिघांचे नमुने जनुकाच्या तपासणीसाठी मुंबईला. एकेक पायरी चढत गेलो असतो तर नेहमीच्या कामात ते योग्य ठरलं असतं. इथे गर्भाचे आठवडे मोजायचे होते.

एका गोष्टीवर बराच वेळ गेला. समजा वडिलांचं सगळं नॉर्मल आलं तर? ती शक्यता आम्ही नजरेआड करू शकत नव्हतो. नमुना घेण्याआधीच आम्ही ठरवलं की प्रत्येकाचा रिपोर्ट आधी त्या त्या व्यक्तीलाच, एकट्याला, सांगायचा. सासू, दीर, कुणीही खोलीत नको. संमतीपत्रावर तसं लिहून घेतलं. निकाल हाती आल्यावर हे ठरवायला बसलो असतो तर एव्हाना सगळं घर दारात उभं असतं.

केलेली कारवाई

वडिलांना बोलवायला आशाताई गेल्या. ते येतील की नाही शंका होती. आले, पण दीर सोबत होता. त्याला बाहेर बसवलं.

वडिलांचं हिमोग्लोबिन १२.६, लाल पेशी ६१ लाख, एमसीव्ही ६५. पेशी संख्येने जास्त आणि आकाराने बारीक. शेतात राबणारा, कधी आजारी न पडलेला माणूस. एचपीएलसीत एचबी ए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार, जो बीटा थॅलेसेमियाच्या वाहकात वाढतो) ५.४ टक्के, साडेतीनच्या आत असायला हवं. बीटा थॅलेसेमियाचा वाहक.

पिंकीचं एचपीएलसीही केलं : सिकल ६८ टक्के, गर्भातलं हिमोग्लोबिन २०, ए२ ५.२, आणि साधं हिमोग्लोबिन ५ टक्के. हे शेवटचं ५ टक्के इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर शेजारच्या जाड पट्ट्यात मिसळून गेलं होतं. पण तेवढ्यावर ठामपणे बोलता येत नव्हतं. ते तिचं स्वतःचं असू शकत होतं, नाहीतर दात्याच्या उरल्यासुरल्या पेशींचं. सिकल असताना यंत्र ए२ सुद्धा थोडं जास्त दाखवतं. इथेच डीएनएची तपासणी कामी आली. ती पांढऱ्या पेशींवर होते. दात्याच्या लाल पेशींत केंद्रकच नसतं, त्यामुळे त्या कितीही उरल्या तरी जनुकाच्या उत्तरात त्यांची लुडबुड होत नाही.

वडिलांना त्यांचा एचपीएलसी रिपोर्ट मी एकट्याला सांगितला. ताईंनी समजावलं ते मला आवडलं, म्हणून इथे देते. त्या म्हणाल्या, “दादा, मूळ दस्त तहसीलमध्ये असतो, आपल्या हातात नक्कल येते. तुमच्या बायकोच्या एका दस्तात एक अक्षर चुकीचं आहे, म्हणून नक्कलही चुकीची निघते. तुमच्या एका दस्तात मजकूर बरोबर आहे, पण नक्कल कुठे फाडायची ती खूण मिटली आहे, म्हणून दहातल्या नऊ नकला फाटतात. पोरीला नेमके हे दोन दस्त आले.” ते बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, “म्हणजे माह्याकडूनही आलं?” ताई म्हणाल्या, हो, तुमच्याकडूनही. ते थेट सासुरवाडीला गेले.

बाराव्या दिवशी मुंबईचा रिपोर्ट आला. पिंकीच्या एका प्रतीत सिकलचा दोष, दुसरीत आयव्हीएस १-५. आईत पहिला, वडिलांत दुसरा. हे पितृत्वाचं प्रमाणपत्र नव्हे आणि मी तसं कुणाला सांगितलंही नाही. ‘मग हे आलं कुठून’ या सासूच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यात होतं.

आता गर्भ. प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता पिंकीसारख्या मुलाची, एक सिकलवाहकाची, एक थॅलेसेमियावाहकाची, एक दोन्ही नसलेल्याची. तपासणी करायची की नाही हे त्या दोघांनी ठरवायचं होतं. निकाल काहीही आला तरी पुढचा निर्णयही त्यांचाच. आम्ही माहिती दिली, गर्भपाताचा थोडा धोका या तपासणीत असतो हेही सांगितलं. त्यांनी एक रात्र मागितली आणि सकाळी हो म्हणाले. विदर्भ एक्स्प्रेसने दोघं मुंबईला गेले. अकरा आठवडे पूर्ण झाल्यावर वारेच्या कोवळ्या तंतूंचा नमुना घेतला. गर्भाचं लिंग विचारणार नाही, असं तिथे कायद्याप्रमाणे लिहून द्यावं लागतं. आईने सही करताना म्हटलं, मुलगी असो की मुलगा, दुखणं नसलं म्हणजे झालं.

निकाल

बाळात आईकडचा सिकलचा दोष उतरला होता, वडिलांकडची मात्र धडाची प्रत आली होती. म्हणजे वाहक. गर्भ ठेवला. बाळ पूर्ण दिवसांनी जन्मलं आणि वर्षाचं झाल्यावर केलेल्या एचपीएलसीत तेच निघालं.

पिंकीला हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे. हे औषध डीएनएचे घटक बनवणाऱ्या एका एन्झाइमला आवर घालतं. त्याचा एक परिणाम असा की गर्भातलं हिमोग्लोबिन वाढतं आणि पेशी वाकणं कमी होतं. त्याच कारणाने मज्जा जास्त दबू नये म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं. न्यूमोकोकसची लस झाली. वर्षभरात एकदाच हाडं दुखण्यासाठी भरती व्हावं लागलं. पार्व्होव्हायरसची भीती आता तशी नाही; एकदा होऊन गेला की शरीर सहसा त्याला ओळखून असतं.

बाई सासरी परतली. घर पूर्ववत झालं असं मी लिहिणार नाही, कारण मला ते माहीत नाही आणि विचारायचा अधिकारही नाही. पहिल्या तपासणीला ती एकटी आली होती, दुसऱ्या वेळी नवरा सोबत होता.

काय वेगळं करता आलं असतं

रक्त चढवण्याआधीची ट्यूब राखून ठेवायची, हे मी वर लिहिलं आहे. आता आमच्या फ्रिजमध्ये त्यासाठी वेगळा रॅक आहे, आणि रक्त मागवणाऱ्या फॉर्मवर ‘आधीचा नमुना ठेवला का?’ असा रकाना हाताने आखलेला आहे.

त्याहून मोठी चूक पाच वर्षांपूर्वीची. बायको एएस निघाली तेव्हा नवऱ्याची फक्त सोल्युबिलिटी करणं पुरेसं नव्हतं. एचपीएलसी हवं होतं. तेवढी सोय नसेल तर निदान सीबीसी. एमसीव्ही ६५ पाहून कुणीतरी थबकलं असतं. सिकल आणि बीटा थॅलेसेमिया महाराष्ट्रात एकाच गावात, एकाच घरात भेटतात. १९५२ मध्ये भारतात सिकलसेलची पहिली नोंद झाली. आपल्याला हा आजार नवा नाही. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवून. मी या मोहिमेच्या बाजूची आहे, तिच्यासाठी राबते. म्हणूनच वाटतं की एवढ्या कार्डांवर नुसतं ‘निगेटिव्ह’ छापून गेलं तर त्याचा अर्थ लोक ‘रक्त चांगलं’ असाच लावणार. कार्डावर ‘सिकल नाही, थॅलेसेमिया तपासलेला नाही’ एवढं लिहायला किती शाई लागते?

आणि ते वाक्य. ताईंचा त्यात दोष नाही, त्यांना तसंच शिकवलेलं होतं. आता आमच्याकडे पालकांचे दोन्ही रिपोर्ट टेबलावर आल्याशिवाय आजार कुणाकडून आला यावर कुणी बोलत नाही. ‘आई-वडील दोघंही वाहक असतात’ याऐवजी ‘दोघांकडूनही काहीतरी येतं, आणि ते दरवेळी सिकलच असेल असं नाही’ असं सांगतो. रिपोर्टवरही मी ‘एसएस पॅटर्न’ लिहून थांबत नाही. पालकांची तपासणी झाल्याशिवाय हे निदान अंतिम नाही, अशी ओळ खाली घालते.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. वडिलांच्या भावंडांना तपासायला हवं होतं, ते आम्ही विसरलो. सात-आठ महिन्यांनी धाकटा दीर आपणहून आला, डीएनए टेस्ट करा म्हणणारा तोच. खिडकीशी उभा राहून हळूच म्हणाला, “मॅडम, माही पण ती मोठी तपासणी करून द्या.” त्याचं ए२ ५.१ निघालं. लग्नाची बोलणी चालू आहेत. मुलीला एचपीएलसीला घेऊन येतो म्हणाला आहे.